बंक हवाच, पण उठल्यावरचं काय?
लांब पल्ल्याच्या विमानात झोपायला बिझनेस क्लासची एक खुर्ची दिली की बदली वैमानिकाचं भागतं, असं काहींचं म्हणणं आहे; ते पटलं नाही. खुर्ची कितीही आडवी होवो, शेजारी ताटल्या वाजतात, कुणाचं तरी पोर रडतं. बोइंग ७७७ मध्ये प्रवाशांच्या डोक्यावरच्या पोकळीत वैमानिकांसाठी वेगळे बंक, म्हणजे झोपायचे बिछाने, बसवतात ते उगाच नाही. अमेरिकी नियमांतही वैमानिकांच्या झोपेच्या सोयींची प्रतवारी आहे: बंक पहिल्या वर्गात आणि नुसती मागे कलणारी खुर्ची तिसऱ्या वर्गात धरतात. जशी सोय, तसे ड्युटीचे तास.

पण कुठे झोपायचं यावर एवढा खल चाललाय, उठल्यावरच्या गुंगीबद्दल कुणी बोललंच नाही. २०१० चा मंगळूरचा अपघात आठवा. दुबईहून येणारं विमान, लांब पल्ल्याचं नव्हेच, पण कॅप्टन आपल्याच खुर्चीत दीड तासाहून जास्त झोपला होता. चौकशी अहवालात या गुंगीचा उल्लेख आहे. १५८ माणसं गेली. पुणे-नागपूर स्लीपरने जाताना मी पाहिलंय: दुसरा ड्रायव्हर डिक्कीतून डोळे चोळत बाहेर येतो, क्लीनर हातात चहा देतो आणि चहा अर्धा असतानाच गाडी हलते. पुढचा तासभर मी टक्क जागा (त्याचा गाडीला उपयोग शून्य, हे मान्य). म्हणून बंकमधून उठवलेल्या वैमानिकाला आधी अर्धा-पाऊण तास कॉकपिटातल्या मागच्या जंपसीटवर (जादा खुर्चीवर) बसवावं. रेडिओ ऐकू दे, हवामान बघू दे, मग विमान हातात द्या.