मदत हवी आहे: ५०% + २०% म्हणजे ७०% नव्हे का?

नमस्कार मंडळी. काल सासूबाईंना घेऊन कोल्हापुरात महाद्वार रोडला साडी घ्यायला गेले होते. एका दुकानावर पाटी होती, 'सेल! ५०% + २०% सूट'. सासूबाईंना एक काठपदराची साडी आवडली, छापील किंमत २४०० रुपये. पन्नास आणि वीस सत्तर, म्हणजे ७२० रुपये, असा हिशोब मी उभ्या उभ्या केला. बिल आलं ९६० चं! मी म्हटलं, "दादा, २४० रुपये जादा लावलेत." तर तो म्हणाला, "वहिनी, हिशोब बरोबर हाय, घरात जाऊन बघा." मागं ही गर्दी. पैसे दिले आणि निघाले. बिंदू चौक येईपर्यंत सासूबाई गाडीवर मागं बसून "फसवलं गं तुला" म्हणत होत्या.

चूक कुणाची? आणि आधी २०% मग ५०% काढलं असतं तर फरक पडला असता का? माझ्याकडं १०० रुपयांचं कूपनही होतं, ते गडबडीत द्यायचंच राहिलं.

रंकाळाकाठ:
ताई, दुकानदार बरोबर आहे. दुसरी सूट मूळ किमतीवर नसते, उरलेल्या रकमेवर असते. २४०० चे निम्मे १२००, त्यातले २०% म्हणजे २४० गेले, राहिले ९६०. एकूण सूट ६०%. क्रम उलटा केला तरी तेच: २४०० चे ८०% म्हणजे १९२०, त्याचे निम्मे ९६०.

तोंडी करायचं तर आधी १०% काढा, म्हणजे शेवटचं शून्य उडवा. १४९९ च्या शर्टवर ३०% असेल तर १५०० धरा; दहा टक्के १५०, तीनदा ४५०. साधारण १०५० द्यायचे. 'किती सुटले' यापेक्षा 'किती द्यायचे' हे बघत जा, घोळ कमी होतो.

हिशोबी_मावशी:
कूपनला मात्र क्रम महत्त्वाचा हं. टक्के काढून झाल्यावर १०० वजा केले तर ८६०. आधी वजा केले तर २३०० चे ४०%, म्हणजे ९२०. साठ रुपयांचा फरक! कूपन शेवटी लावायला सांगायचं. लावतीलच असं नाही, पण विचारायला काय जातंय?

'तीन घ्या, एक फुकट' बघूनही हुरळू नका. चार नगांत एकाचे पैसे वाचतात, म्हणजे सूट २५% च, आणि एकच हवा होता तर तीही नाही. आणि एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. बिलात एमआरपीवर वेगळा जीएसटी चढवलेला दिसला तर तिथंच विचारा.

आपल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनला बरं, टक्क्यांची भानगडच नको. सरळ घासाघीस.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही. बिल काढून बघितलं, जीएसटी वेगळा लावलेला नाही. सासूबाईंना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पाटीवर ६०% लिहायला त्याचा हात दुखत होता का?"