लॉ फर्मच्या अर्जात नाटक, ट्रेकिंग आणि ढोल-ताशा पथक कसे मांडावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, पुणे)
नमस्कार. मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असून मुंबईतल्या फोर्ट आणि लोअर परळ भागातील फर्मना अर्ज पाठवण्याच्या तयारीत आहे. सीव्हीच्या तळाशी मी 'छंद : वाचन, नाटक, ट्रेकिंग' एवढेच लिहिले आहे. प्रत्यक्षात दोन वर्षे मी पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी कॉलेजच्या एकांकिकेची पडद्यामागची सगळी व्यवस्था पाहिली, गणपतीत पथकात ताशा वाजवते आणि वर्षातून एखाददुसरा गड चढते. मूट कोर्टमध्ये (विद्यार्थ्यांच्या अभिरूप खटल्याच्या स्पर्धेत) मात्र पहिल्याच फेरीत बाहेर पडले. हे सविस्तर लिहावे, की जागा वाचवण्यासाठी काढून टाकावे?

उत्तर (असोसिएट, मुंबई)
काढू नका, पण आहे तसेही ठेवू नका. 'वाचन, संगीत, प्रवास' ही ओळ इतक्या अर्जांत असते की डोळा तिच्यावरून घसरतो. त्याहून वाईट म्हणजे ती कधीकधी अंगाशी येते. एका मुलाखतीत 'ट्रेकिंग' वाचून आमच्या भागीदारांनी उत्साहाने विचारले, "हरिश्चंद्रगड खिरेश्वरकडून केलात, पाचनईकडून, की नळीच्या वाटेने?" उमेदवार एकदाच, तोही कॉलेजच्या सहलीबरोबर, राजमाचीला गेला होता. त्यानंतर त्याच्या इंटर्नशिपबद्दलचे प्रश्नही संशयाने विचारले गेले. म्हणून वर्षाला एखादा गड एवढेच असेल, तर ट्रेकिंग गाळलेले बरे.

नाटकाचे मात्र तुम्ही फारच कमी लिहिले आहे. लेखकाची प्रयोगासाठी लेखी परवानगी कोणी आणली? प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती कोणी पाठवली? हे तुम्ही केले असेल, तर तो छंद राहत नाही. मुदत सांभाळून कागदपत्रे पूर्ण करण्याचा तो अनुभव आहे आणि आमचे निम्मे काम तेच असते. मूट कोर्ट शैक्षणिक भागात एका ओळीत लिहा. निकाल लपवू नका आणि त्याचे स्पष्टीकरणही देऊ नका.

उत्तर (वकील, जिल्हा न्यायालय)
माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्याकडे ज्युनिअर घेताना सीव्ही क्वचितच पाहिला जातो; पहिल्याच आठवड्यात फाईल हातात देऊन तारखांचा तक्ता करायला सांगितला की माणूस कळतो. तरीही ताशाचा उल्लेख ठेवावा असे मला वाटते, कारण महिनाभर रोज संध्याकाळी सरावाला हजर राहणे ही साधी गोष्ट नाही. मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० आणि त्यांतील रात्री १० ते सकाळी ६ ही वाद्यांवरील बंदीची वेळ यांवर प्रश्न येणारच, तेव्हा तयारी करून जावे. गणेश मंडळामागे एखादा राजकीय पक्ष असल्यास त्याचे नाव अर्जात आणू नये.

विद्यार्थिनी
दोघांचेही आभार. ट्रेकिंग काढले. नाटकाची ओळ आता अशी आहे : 'आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेचे व्यवस्थापन, सलग दोन वर्षे : पंधरा जणांच्या तालमींचे वेळापत्रक, लेखकाची लेखी परवानगी व परिनिरीक्षण मंडळाशी पत्रव्यवहार ही सर्व कामे अत्यंत कुशलतेने पार पाडली.'

उत्तर (असोसिएट, मुंबई)
'अत्यंत कुशलतेने' काढा आणि पुरुषोत्तमचे नाव घाला. पुण्या-मुंबईत ते ओळखीचे आहे. आणखी एक. शैक्षणिक संस्थेतील प्रयोगांना कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सूट असताना लेखकाची परवानगी का घेतली, असे कोणीतरी विचारेलच. ती सूट प्रेक्षक म्हणून संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि तिच्या कामाशी संबंधित व्यक्तीच असतील तेव्हाची आहे. स्पर्धेच्या नाट्यगृहात बाहेरचे प्रेक्षकही येतात. हे उत्तर तुम्ही स्वतःच्या शब्दांत देऊ शकलात, तर पुढची दहा मिनिटे मुलाखत तुमच्याच विषयावर चालेल.