आईसाठी (वय ६४, ऑस्टिओपोरोसिस) घरी येणारी ट्रेनर हवी आहे – पुणे, कोथरूड

नमस्कार मंडळी,

आईचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) नुकताच झाला. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.७ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची (हाडं ठिसूळ होण्याची) उणे २.५ ची रेघ ओलांडलीच. औषधं सुरू आहेत. "नुसतं चालून भागणार नाही, वजनं उचलायला लागा," असं डॉक्टर म्हणाले. कुणाकडे शिकायचं, ते मात्र आमच्यावर सोडलं. बीपीची गोळी चालू आहे, मधुमेह नाही, फ्रॅक्चर आजवर झालेलं नाही.

जिमचं नाव काढलं की "त्या आरशांसमोर मी उभी राहणार नाही" हे ठरलेलं उत्तर. म्हणून घरी येणारी, शक्यतो बाईच ट्रेनर हवी. मी पिंपळे सौदागरला असते, त्यामुळे प्रत्येक वेळी हजर राहणं जमणार नाही.

ओळखीतून एक मुलगा ट्रायलला येऊन गेला. वेळेवर आला, बोलायलाही चांगला. पण टीपॉयवर ठेवलेली रिपोर्टची फाइल त्याने उघडलीसुद्धा नाही. थोडे हात फिरवून झाले की लगेच "काकू, पायाचे अंगठे धरा" आणि मग क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे वर उचलायचे). आईसाहेबांनी हौसेने चार-पाच काढलेही! मीच थांबवलं. निघताना तीन महिन्यांचे पैसे एकरकमी मागितले, वर प्रोटीन पावडरचा डबा "माझ्याकडूनच घ्या, स्वस्त पडेल".

तर अशा पेशंटला हाताळू शकणारी ट्रेनर ओळखायची कशी? सर्टिफिकेट कुठलं बघायचं? की आधी फिजिओच गाठावी? कुणाच्या आईवडिलांकडे कोणी येत असेल तर अनुभव सांगा.

चहाबिस्कीट: कशाला एवढा खटाटोप? जवळच्या योगवर्गाला घाला. माझ्या सासूबाई सत्तरीत पश्चिमोत्तानासन करतात.

फिजिओताई: @चहाबिस्कीट, सासूबाईंना नमस्कार, पण इथे तेच आसन नको. मणक्याची हाडं ठिसूळ असताना पाठ गोल करून पुढे वाकलं की मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि तो मणका दबू शकतो. क्रंचेस, अंगठे धरणं, हलासन याच कारणाने टाळायचं. धागाकर्तीने थांबवलं ते बरंच झालं.

वजनं मात्र जरूर उचलावीत. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. हाडांची घनता कमी असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ महिने डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन पाठ सरळ ठेवून उचलणं) आणि स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) केले, आणि कण्याची घनता वाढली. पण सगळं देखरेखीखाली, सुरुवात हलक्या वजनाने. हे वाचून उद्याच आईच्या हातात बारबेल देऊ नका.

आधी दोन-चार वेळा फिजिओकडे जा. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, तोल सांभाळणं एवढं जमलं की मग ट्रेनर. काय टाळायचं ते फिजिओकडून लिहून घ्या आणि तो कागद ट्रेनरच्या हातात द्या. वाचून तिने काही विचारलं तर बाई कामाची.

कोथरूडकर: सर्टिफिकेटचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, त्यावर जाऊ नका. एसीईचं (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) असेल तर दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागतं. तारीख बघा, नाव त्यांच्या साइटवर तपासा. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार) कार्डही मागा. आणि पैसे महिन्याचे महिन्यालाच. सेशन बुडालं तर भरून मिळणार का, ट्रेनर रजेवर गेली तर बदली कोण, हे आधीच मेसेजवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

पावडर विकणाऱ्याला आमच्याकडे चहा देऊन वाटेला लावतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फिजिओची वेळ घेते आहे. आईला "डेडलिफ्ट" म्हणजे भरलेली बादली पाठ न वाकवता उचलणं असं सांगितलं, तर म्हणाली, "मग त्याला पैसे कशाला?" असो. कोथरूड-कर्वेनगर भागात सकाळी दहानंतर येणारी कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. आणि हो, फाइल उघडून बघणारी हवी.