दहा बाय दहाच्या खोलीत टॉवर स्पीकर: विकू की ठेवू?

डोंबिवलीकर५८

मंडळी, पोरगी लग्न होऊन गेली, तिची खोली रिकामी झाली आणि माझी तीस वर्षं दाबून ठेवलेली हौस वर आली. दुकानातल्या डेमो रूममध्ये टॉवर स्पीकर ऐकले. साडेसहा इंची दोन-दोन वूफर, पोर्ट (पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक) मागे. तबलजी समोर मांडी घालून बसल्यासारखा आवाज! घरी आणले, तर त्याच तबल्याचा डग्गा रांजणात तोंड घालून वाजवल्यासारखा घुमायला लागला. जुन्या हिंदी गाण्यांत बेस गिटारचा एकच सूर अंगावर येतो, त्याच्या शेजारचे कुठे जातात देव जाणे. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "भाऊ, पंप बसवलात का?"

खोली बरोब्बर १० बाय १०, उंची साडेनऊ फूट. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली टाइल. स्पीकर दोन कोपऱ्यांत (मधे टेबल आहे), समोरच्या भिंतीला दिवाण, दिवाणावर मी, भिंतीला टेकून. दुकानदार म्हणतो अँप्लिफायर बदला, याला कंट्रोल नाही. म्हणजे अजून पन्नास हजार. भाचा म्हणतो भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम लावा. आमची ही म्हणते विकून टाका. कोणाचं ऐकू?

मोजपट्टी

काका, दुकानदाराचं तर नकोच. ५६५ ला खोलीच्या फुटांनी भागा, दोन समोरासमोरच्या भिंतींमधला पहिला घुमारा किती हर्ट्झवर पडतो ते कळतं. १० फुटांचा साडेछप्पन. तुमची लांबी-रुंदी सारखीच, म्हणजे दोन घुमारे एकावर एक. साडेनऊ फूट उंचीचा येतो ५९. तिन्ही एकाच गल्लीत! बेस गिटारची मोकळी 'ए' तार वाजते ५५ वर. तुमचा अंगावर येणारा सूर बहुतेक हाच. खोली १२ बाय १६ असती तर ४७ आणि ३५, असे पांगले असते.

त्यात स्पीकर कोपऱ्यात आणि कान भिंतीला. हवेचा दाब भिंतीपाशी जास्त, कोपऱ्यात सगळ्यात जास्त. अँप्लिफायरचा काय दोष?

सोल्डरचा_धूर

वरचं गणित बरोबर. मी ठाण्यात असल्याच चौकोनी खोलीत चार वर्षं डोकं आपटून घेतलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

फोमचं विसरा. ५६ हर्ट्झची लाट २० फूट लांब असते, तुमच्या खोलीच्या दुप्पट. दोन इंची फोम तिला काय अडवणार? तो फक्त वरचे सूर पिऊन टाकतो. मी लावला होता. तंबोऱ्याची जवारी गेली, घुमारा जागच्या जागी. परदेशी रिव्ह्यू वाचून स्पीकर घेताना आणखी एक गोष्ट आपण विसरतो. अमेरिकेत बऱ्याच घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. त्या थोड्या थरथरतात, बेस गळू देतात. आपल्या विटा आणि स्लॅब सगळा बेस परत तोंडावर फेकतात.

आता फुकटातलं करा. आधी दोन्ही पोर्टमध्ये मोज्यांची घट्ट गुंडाळी. हसू नका, महागड्या स्पीकरबरोबर कंपनीच फोमचे बूच देते, काम तेच. मग दिवाण भिंतीपासून पावणेचार फूट पुढे ओढा. अगदी मधोमध मात्र बसू नका, तिथे उलटा प्रकार, तोच सूर गायब होतो, आणि गायब झालेला सूर इक्वलायझर कितीही वाढवा, परत येत नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढा. मागच्या भिंतीपासून दोन फूट असतील तर बाजूच्या भिंतीपासून दीड, अंतरं सारखी नकोत. यात तुम्ही स्पीकरच्या रेषेपासून जेमतेम सव्वाचार फुटांवर येता, टॉवरला ते कमीच पडतं, पण इलाज नाही. टेबलाला दुसरी जागा शोधा.

शेवटी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' ऐकू आलं, म्हणजे आवाज भिंतींमधे उड्या मारतोय, तर सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांचं कपाट.

छोटा_डबा

मी वहिनींच्या बाजूने. विका, आणि बंद पेटीचे (म्हणजे पोर्ट नसलेले) छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्या. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बनवला तो ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या कार्यक्रमांच्या प्रक्षेपणाची गाडी) बसून ऐकायला, म्हणजे खोलीही नाही, गाडी! बंद पेटीचा बेस खाली जाताना दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ ने. लहान खोली खालचे सूर आपणहून थोडे उचलते, ते या सावकाश उताराला छान जुळतं. दहा फुटांत टॉवर म्हणजे लिफ्टमध्ये ढोल-ताशा.

डोंबिवलीकर५८

सगळ्यांचे आभार. रविवारी भाच्याला त्याची बेस गिटार घेऊन बोलावलं आणि ती थेट सिस्टिमला जोडली. मोकळी 'ए' छेडली तर खिडकीतला तांब्या फुलपात्रासकट वाजायला लागला! शेजारच्या सुरांवर, वर-खाली, काही नाही. मोजपट्टी, पैकीच्या पैकी.

मग ऑफिसचे मोजे (आता कुठे लागतात?) पोर्टमध्ये कोंबले, टेबल हॉलमध्ये गेलं, स्पीकर आणि दिवाण सांगितल्याप्रमाणे. 'ए' अजून थोडी पुढे येते, पण तांब्या गप्प आहे. आणि डग्ग्यावर मनगट घासत नेताना सूर वर चढतो ना, तो चढताना ऐकू आला. आधी नुसताच 'घूं' होता. छोटा_डबा, तुमचं पटतंय, पण दुकानदार निम्म्या किमतीतही परत घेत नाही, तेव्हा सध्या हेच.

अडचण एकच. दिवाण खोलीच्या मधे आला आणि हिला केर काढता येत नाही. तडजोड अशी ठरलीय की दिवाणाला चाकं लावायची, ऐकताना पुढे, एरवी भिंतीला. चाकं रबराची घेऊ की नायलॉनची? टाइल गेल्याच वर्षी बसवलीय.