अमेझिंग रेस बघताना कुठल्या जोडीवर जीव जडला, कुठलीचा राग आला? अनुभव लिहा

अमेझिंग रेस बघणारी मंडळी आपल्यात बरीच आहेत हे मला माहितीये, कारण विषय निघाला की प्रत्येकाची एक लाडकी जोडी निघते आणि एक अशी की जिचं नाव काढलं तरी कपाळाला आठी पडते. ज्यांनी बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, दोघादोघांच्या टीम, हातात मोजके पैसे, क्लू वाचत देशोदेशी धावायचं, वाटेत टास्क करायचे, टप्प्याच्या शेवटी शोचा सूत्रधार फिल किओगन मॅटवर उभा असतो आणि शेवटी पोचणारी टीम बहुतेक वेळा तिथूनच घरी जाते. जिंकणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर. अमेरिकेत सीबीएसवर ५ सप्टेंबर २००१ ला सुरू झालं, आपल्याकडे एएक्सएनवर लागायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कोण किती जोरात पळतं याच्याशी मला फारसं घेणंदेणं नाही. मागे पडल्यावर माणूस जोडीदाराशी कसा बोलतो आणि टॅक्सीवाल्याशी कसा वागतो, यावर माझी टीम ठरते. म्हणून सातव्या सीझनचे (२००५) उचेना आणि जॉइस माझ्या मनातून कधीच गेले नाहीत. शेवटचा टप्पा, फ्लोरिडा, मॅट समोर दिसतंय आणि टॅक्सीचं भाडं द्यायला पैसे पुरत नाहीत. मागून दुसरी जोडी, रॉब आणि अँबर, कुठल्याही क्षणी येणार. दुसरं कोणी असतं तर दार उघडून पळालं असतं. हे दोघं रस्त्यावरच्या अनोळखी लोकांसमोर हात पसरत राहिले, ड्रायव्हरचे पैसे चुकते झाले, मग धावले. आणि जिंकले! आमच्या घरात सगळे उभे राहून ओरडत होतो आणि माझे वडील, जे एरवी रिअॅलिटी शो म्हटलं की उठून जातात, ते म्हणाले, "घामाचा पैसा बुडवला नाही रे पोरांनी."

तर लिहा. कुठली जोडी, कुठला प्रसंग, आणि तुमच्या घरात तेव्हा काय झालं. नुसतं आवडली-नावडली नको, सविस्तर लिहा.

*

उचेना-जॉइसचं नाव वाचलं आणि लिहायलाच बसले. तुम्ही टॅक्सीचं लिहिलंत, मला त्याआधीचा भारतातला टप्पा लिहायचाय. फास्ट फॉरवर्ड (म्हणजे बाकीचे टास्क टाळून थेट मॅटवर जायची सवलत) घ्यायचा तर दोघांनीही डोक्यावरचे केस उतरवायचे अशी अट होती आणि जॉइस बसली न्हाव्यासमोर. आमची आजी तेव्हा सातारहून आमच्याकडे आलेली, तिला इंग्रजी कळत नव्हतं पण ती आमच्याबरोबर बसून बघायची. वस्तरा दिसला तशी ती एकदम ताठ झाली आणि म्हणाली, "नवरा शेजारी जिवंत बसलाय ना तिचा?" मी म्हटलं हो आजी, तो काय शेजारीच आहे. मग तिने जे सांगितलं ते आम्ही कोणीच तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. तिची आत्या बालविधवा. आजी लहान असताना दर काही दिवसांनी मागच्या पडवीत न्हावी यायचा, मुलांना तिकडे जायची बंदी असायची, आणि आत्या नंतर डोक्यावरून आलवण ओढून दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

इकडे टीव्हीवर जॉइस रडत होती पण नको म्हणत नव्हती, तिने स्वतः ठरवलेलं होतं. आजी म्हणाली, "ही आपल्या मर्जीने बसलीये, हिला कोण काय म्हणणार." आणि पुढचे सगळे एपिसोड आजीने त्या बाईसाठी बघितले. जेवण लवकर उरकून घ्यायची. "ती माझी टकली आली का" असं विचारायची, आणि त्यात इतकी माया असायची की काय सांगू. शेवटचा एपिसोड लागला तेव्हा ती साताऱ्याला परत गेली होती, तिच्याकडे एएक्सएन नव्हतं, म्हणून मी फोन करून सांगितलं की तुझी बाई जिंकली. पलीकडून ती शेजारणीला ओरडून सांगत होती ते मला ऐकू येत होतं.

*

आमच्या लालबागच्या घरात ही रेस मॅचसारखी बघितली जायची. बाराव्या सीझनमध्ये (२००७) टीम मुंबईत आल्या तेव्हा तर शेजारचे पण आमच्याकडे. भिंतीवर सिनेमाची पोस्टरं चिकटवा नाहीतर फुलांचे हार ओवा, आणि पुढे गॅसचे सिलिंडर गाडीवरून पोचवायचे. माझे काका तेव्हा सिलिंडरचीच डिलिव्हरी करायचे. ते टीव्हीसमोर खाली बसून अक्षरशः सूचना देत होते, "अरे मागून लाव जोर, मागून! पुढून ओढून काय होणार!" कोणी हमालाकडे बघून शिकत होतं त्याला काका शाब्बास म्हणायचे, कोणी नाक मुरडलं की गप्प व्हायचे. बाहेरच्या लोकांनी गर्दीला, वासाला, हॉर्नला काय म्हणायचं ते म्हणू दे, आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, गर्दी आहेच. पण जे काम काका रोज तीन-तीन मजले चढून करायचे ते त्या धडधाकट माणसांना जड जातंय हे जगाने बघितलं, याचा आमच्या घरात जो अभिमान होता तो मला अजून आठवतो. काकूने दुसऱ्या दिवशी काकांच्या डब्यात गोड दिलं होतं.

*

त्याच सीझनमधले रोनाल्ड आणि क्रिस्टिना, बाप-लेक. त्यांच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही अजून? सुरुवातीला तो बाप प्रत्येक गोष्टीत तिला टोकायचा, असं कर, तसं नको, आधीच सांगितलं होतं मी. माझे बाबा अगदी असेच. आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून ते बघतोय आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाही आहोत अशी अवस्था. मग क्रिस्टिनाने त्याला स्पष्ट सांगितलं की तुमच्या अशा बोलण्याने मला काय होतं, आणि तो माणूस खरंच ऐकायला लागला, प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा. शेवटी त्यांचा दुसरा नंबर आला. बाबा काही बोलले नाहीत पण त्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकत होते तर शेजारी बसून पहिल्यांदाच गप्प राहिले, फक्त हँडब्रेकवर हात ठेवून. मला तेवढं पुष्कळ होतं.

*

मी जरा वेगळ्या कारणाने बघते. माझ्या मुलाला ऐकू येत नाही. चौदाव्या सीझनमध्ये (२००९) मार्जी आणि ल्यूक ही आई-मुलाची जोडी आली, ल्यूक कर्णबधिर, आई त्याच्याशी खुणांच्या भाषेत बोलते आणि मॅटवर पण तीच दोन्हीकडचं सांगते. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. टीव्हीवर कोणीतरी हाताने बोलतंय आणि ते कोणाच्या दयेसाठी दाखवलेलं नाहीये, तो चिडतो, भांडतो, पहिला येतो, हरतो, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. ती अमेरिकन खुणांची भाषा, आमची वेगळी, तरी तो पडद्याजवळ जाऊन हात बघत बसायचा.

सगळ्यात जास्त लक्षात आहे ते अठराव्या सीझनमधलं कोलकाता. शेकडो कप चहा मांडलेला, त्यातून आधी एकदा चाखवलेला पपई-आंब्याच्या स्वादाचा नेमका चहा ओळखायचा. ल्यूक घोट घेतोय, कप घेऊन जातोय, चूक, पुन्हा घोट, पुन्हा चूक. बाकीच्या टीम एकेक करून निघून गेल्या. तो रडायला लागला, सोडून देतो म्हणाला, आणि टास्क एकट्याने करायचा असल्यामुळे आई कप उचलू शकत नाही, ती फक्त लांबून हाताने सांगतेय की थांब, श्वास घे, पुन्हा कर. ते तिथेच बाहेर पडले. नंतर लोक काय काय बोलले, एवढा मोठा मुलगा, काय तो तमाशा वगैरे. मला अशा लोकांना सांगायचंय की तुम्ही कधी शाळेच्या गेटबाहेर उभं राहून काचेतून मुलाला हाताने "जमेल तुला" सांगितलंय का. मी सांगितलंय, अनेकदा. माझ्या मते त्या सीझनमधलं सगळ्यात मोठं काम मार्जीने त्या चहाच्या टेबलापासून लांब उभं राहून केलं.

*

कॉलिन!! पाचवा सीझन, फिलिपिन्समध्ये चिखलाचं शेत नांगरून पुरलेला क्लू शोधायचा, बैल हलेना आणि हा माणूस सगळ्यांवर ओरडतोय. आमच्याकडे शेती, कागलजवळ. दादांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "जनावराला तुझा आवाज ओळखीचा नाही, त्याच्यावर ओरडून काय? कासरा सैल सोड, जरा बाजूला हो, त्याला पाय काढू दे." एवढं बोलून ते गोठ्यात गेले. मला त्याच्या जोडीदार क्रिस्टीबद्दल जास्त वाईट वाटायचं, ती बिचारी कडेला बसून त्याला शांत करतेय. टांझानियात टॅक्सीच्या भाड्यावरून पोलिसांपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा पण तीच. ह्या दोघांचा दुसरा नंबर आला, चिप आणि किम जिंकले, आम्हाला बरंच वाटलं.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. एकतिसाव्या सीझनला, २०१९ ला, हेच दोघं परत आले आणि ओळखू येईनात. टास्क चुकला तर हसतात, विमान चुकलं तर एकमेकांचा हात धरतात. आणि जिंकले. माणूस बदलत नाही असं आपण किती सहज म्हणतो, इथे तर मधली पंधरा वर्षं सरळ दोन सीझनमध्ये दिसतात. मी दादांना मोबाईलवर दाखवलं, ते म्हणाले ह्याला आता बैल दे, हाकील.

*

वरच्या सगळ्यांना एक सांगते. मी टीव्हीसाठी एडिटिंग करते, ह्या शोचं नाही, पण धंदा तोच. प्रत्येक टीमबरोबर कॅमेरावाला आणि साउंडवाला दिवसभर पळत असतो, आणि एपिसोड तासाभराचा, त्यात जाहिराती वजा केल्या तर उरतात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, तीही सगळ्या टीममध्ये वाटायची. म्हणजे एका जोडीच्या पूर्ण दिवसातली काही मिनिटं आपण बघतो आणि त्यावरून माणसाचा निकाल लावतो. त्यातही बायकांचा जास्त. तिसऱ्या सीझनमधल्या फ्लोला लोकांनी किती रडकी म्हणून हिणवलं, तिच्या जोडीदाराने, झॅकने, एकट्याने ओढून नेलं म्हणाले. थकलेली, न झोपलेली, उपाशी बाई रडली. पुरुष चिडून ओरडला की लोक त्याला "जिद्द आहे" म्हणतात, हे मी एडिटच्या खोलीतसुद्धा ऐकलंय. ही रेस जिंकणारी पहिली बाई फ्लो आहे, ते कोणी आठवत नाही.

बर्लिनमध्ये सहाव्या सीझनला जोनाथनने बायकोला ढकललं तो भाग वेगळा. ते एडिटने तयार होत नाही आणि त्यावर लोक संतापले ते योग्यच होतं.

*

सहाव्या सीझनचा विषय निघालाच आहे तर स्वीडनचं शेत कोणी विसरलंय का? गवताच्या गुंडाळलेल्या मोठमोठ्या गाठी, २७० त्या, आणि क्लू फक्त २० मध्ये. लेना ढकलतेय, उलगडतेय, काही नाही, पुढची. आठ तासांच्या वर. बहीण क्रिस्टी कडेला उभी, नियमामुळे हात लावता येत नाही. शेवटी फिल स्वतः शेतात आला त्यांना सांगायला. माझी बहीण आणि मी वेगवेगळ्या शहरात, फोन चालू ठेवून बघत होतो, दोघी एकदम गप्प झालो. तेव्हा तिचं बाळंतपण नुकतंच झालं होतं, फार अवघड गेलं होतं आणि मला रजा मिळाली नव्हती. ती म्हणाली, "कडेला उभं राहणारीचं पण तेवढंच दुखतं गं." बाकी मी त्या एपिसोडबद्दल काही लिहू शकत नाही.

*

एडिसन, न्यू जर्सीहून. २००६ मध्ये दहाव्या सीझनला विपुल आणि आरती दिसले तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये नुसता जल्लोष, आपली नावं, आपले चेहरे, पॉटलक ठरवून सगळे एका घरी जमलो, बटाटेवडे वगैरे. पहिल्याच एपिसोडला बाहेर! चीनच्या भिंतीपाशी. पण घरातली मुलं पुढचा आठवडाभर सोफ्यावरून सोफ्यावर उड्या मारत विपुल-आरती खेळत होती, आणि त्यांच्या खेळात ते दर वेळी पहिले यायचे. तिथल्या शाळेत आपलं नाव धड उच्चारलं जात नाही म्हणून गप्प बसणारी ही मुलं, त्यांना ते एकच एपिसोड पुरला.

*

प्रेक्षकांच्या रागलोभाबद्दल चाललंय तर एक चांगली गोष्ट माझ्याकडून. एकोणिसावा सीझन, २०११, कायलानी आणि लिसा. लॉस एंजेलिसमध्ये सुरुवातीलाच पेट्रोल पंपावर कायलानीचा पासपोर्ट पडला. म्हणजे एकही देश न बघता रेस संपली. तो सापडला तिथल्याच लोकांना, त्यातल्या एकाने ट्विटरवर टाकलं, शो बघणाऱ्या कोणीतरी उत्तर दिलं की विमानतळावर न्या, आणि त्यांनी तो खरंच नेऊन दिला. कायलानी-लिसाला विमान मिळालं. मी तेव्हा गोव्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनला होतो, पाहुण्यांचे विसरलेले पासपोर्ट घेऊन दाबोळीला पळणं हे आमच्याकडे अधूनमधून चालायचं, त्यामुळे तो एपिसोड बघताना स्पर्धकांपेक्षा त्या गाडीतून निघालेल्या माणसांसाठी माझ्या छातीत धडधड होत होती. शोमध्ये त्यांचं काम दोन मिनिटांचं, बक्षीस काही नाही. माझी त्या सीझनची टीम तीच.