मदत हवी आहे : बाबांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप आणि आम्हा भावंडांची तपासणी

नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे आहेत. वर्षभर शौचातून अधूनमधून रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून आम्ही काढे, इसबगोल करत राहिलो. शेवटी हिमोग्लोबिन ९ वर आलं, तेव्हा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) केली. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेल्या गाठी, निघाले. एक ४ मिमीचा आणि दुसरा १२ मिमीचा, देठ असलेला. दोन्ही तिथेच तारेच्या फासाने काढले. बायॉप्सीत मोठा 'ट्युब्युलोव्हिलस अडेनोमा' (पुढे कर्करोग होऊ शकेल अशा प्रकारची गाठ) आला, कर्करोग नाही. डॉक्टरांनी समजावलं की अशा गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा बरीच वर्षं लागतात, म्हणून वेळीच काढलेली बरी. ते ऐकून जीव भांड्यात पडला, पण ते वाया घालवलेलं वर्ष अजून डोक्यातून जात नाही.

बाबांना ३ वर्षांनी परत बोलावलंय. त्यांना मधुमेह आहे. मागच्या वेळी पोट साफ करायचं औषध पिताना साखर ६२ पर्यंत उतरली, आम्ही फार घाबरलो. तुमच्या घरी कुणी हे केलं असेल तर आदल्या दिवशी इन्सुलिन आणि खाण्यापिण्याचं कसं ठरवलं होतं?

दुसरं, मी ३८ आणि दादा ४१ वर्षांचा. वडिलांना असा पॉलिप असेल तर मुलांनी चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करावी असं सांगितलंय. दादा म्हणतो, काही त्रास नाही, शौचाची 'फिट' तपासणी (शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी) पुरे. पण पॉलिपमधून रक्त येत नसेल तर ती चुकू शकते ना? कुणी भावंडांची तपासणी करून घेतली आहे का? दादाला कसं तयार करू?