सीए ऑफिसच्या लॅपटॉपसाठी व्हीपीएन क्लायंट: वायरगार्ड की ओपनव्हीपीएन? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका सीए ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. पंचवीसेक मशिन्स आहेत, बहुतेक विंडोज ११ चे लॅपटॉप आणि दोन मॅकबुक. टॅली आणि क्लायंटच्या फायली ऑफिसातल्या सर्व्हरवर. रिटर्नच्या सीझनमध्ये निम्मा स्टाफ रात्री घरून काम करतो. माझ्याकडे काम आलं तेव्हा राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडं होतं. लोकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं, पगारपत्रकं त्या सर्व्हरवर आहेत आणि रॅन्समवेअरवाले अशीच पोर्टं शोधत असतात. ते सगळ्यात आधी बंद केलं. आता पीएफसेन्स फायरवॉल आणि स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे. अडलंय ते व्हीपीएन क्लायंटपाशी, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित टनेल काढणाऱ्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरपाशी.

वायरगार्ड मला मनापासून आवडलं. झाकण उघडलं की लॅपटॉप लगेच जोडला जातो, वायफायवरून मोबाइल हॉटस्पॉटवर गेलं तरी चालू राहतं. हॉटस्पॉटवर रिमोट डेस्कटॉपची स्क्रीन काळी पडत होती, ते एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० केल्यावर थांबलं. साध्या युजरला टनेल चालू-बंद करता यावं म्हणून त्याला नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स गटात टाकून रजिस्ट्रीत लिमिटेडऑपरेटरयूआय १ करावं लागतं, तेही जमतं. पण त्यात युजरनेम, पासवर्ड, ओटीपी यातलं काहीच नाही. ज्या लॅपटॉपवर गुप्त की (किल्ली) आहे तो आत. आमच्याकडे आर्टिकलची (सीएकडे उमेदवारी करणारी) मुलं सतत बदलतात. एखादा लॅपटॉप बसमध्ये राहिला तर कोणी मला कळवून मी पीअर (सर्व्हरवरची त्या लॅपटॉपची नोंद) काढेपर्यंत काय?

ओपनव्हीपीएनमध्ये सर्टिफिकेट, पासवर्ड आणि फ्रीरेडियसमधून (युजरची ओळख तपासणारा सर्व्हर) ओटीपी असं तिहेरी कुलूप लावता येतं. पीएफसेन्समधून प्रत्येकाच्या नावाचा इन्स्टॉलर काढता येतो, ॲडमिन हक्क फक्त इन्स्टॉल करताना लागतात. यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, टीसीपी ही दुसरी) अडवणाऱ्या हॉटेलच्या वायफायवरून टीसीपी ४४३ वर चालवता येतं, वायरगार्डला यूडीपीशिवाय गत्यंतर नाही. त्रास एकच, पण मोठा: डिफॉल्टप्रमाणे ३६०० सेकंदांनी री-निगोशिएशन होतं (नवी की ठरते आणि ओळख पुन्हा तपासली जाते), जुना ओटीपी चालत नाही आणि रात्री अकराला ऑडिटचं काम करणारी ताई बाहेर फेकली जाते. रेनेग-सेक (हा कालावधी ठरवणारं सेटिंग) ० केलं तर एन्क्रिप्शनची तीच की दिवसभर वापरली जाते, ते मला पटत नाही. ऑथ-जेन-टोकन, म्हणजे एकदा ओळख पटली की पुढे ओटीपीऐवजी सर्व्हरने दिलेलं टोकन चालणं, हा योग्य मार्ग वाटतो. पीएफसेन्सवर फ्रीरेडियसच्या ओटीपीसोबत हे कोणी रोज वापरतंय का? टोकनची मुदत किती ठेवता?

ऑफिसचा सबनेट (आतल्या पत्त्यांचा गट) १९२.१६८.१.० होता, घरोघरच्या राउटरवरही तोच, पत्ते एकमेकांत गुंतत, म्हणून ऑफिसचा १०.३७.०.० केला. स्प्लिट टनेल आहे, फक्त ऑफिसचा ट्रॅफिक आत येतो. टॅलीचा डेटा व्हीपीएनवरून थेट उघडू देत नाही, सगळे रिमोट डेस्कटॉपनेच सर्व्हरवर जातात. ते तसंच राहील.

दुसरी अडचण डीएनएसची (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा). घरून सर्व्हरचं नाव सापडत नाही, आयपी टाकला की चालतं. ऑफिसचा डीएनएस पुश केला (जोडणी होताना लॅपटॉपला पाठवला) तर विंडोजवर नाव सापडतं, पण मॅकवर टनेलब्लिक या ओपनव्हीपीएन क्लायंटमध्ये कधी सापडतं, कधी नाही. मॅकसाठी ओपनव्हीपीएन कनेक्ट हा दुसरा क्लायंट घ्यावा का? की मॅकवाल्या दोघांना विंडोज-मॅक दोन्हींत मुळातच असलेलं आयकेईव्ही२ (व्हीपीएनचा आणखी एक प्रकार) द्यावं? दोन प्रकारची कॉन्फिगरेशन्स सांभाळायची माझी तयारी आहे, पण कोणी ऑफिस सोडलं की एकाच जागी नाव काढून त्याचा प्रवेश बंद व्हायला हवा. अशी मांडणी कोणी केली असेल तर यूजर्स कुठे ठेवलेत, फ्रीरेडियसमध्ये की ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज सर्व्हरवरची युजर्सची यादी), तेवढं सांगा.